मळाचे पैसे

रेल्वेच्या छोट्या मॉडेलांच्या बाजारात एक उलटा हिशोब चालतो. तिथे स्वच्छ वस्तू स्वस्त असते आणि मळलेली महाग. खोक्यातून नुकतंच काढलेलं, चकचकीत रंगाचं इंजिन एका भावाने मिळतं. त्याच इंजिनावर कुणीतरी धूळ, काजळी, गंज आणि तेलाचे ओघळ रंगवले की किंमत दीडपट होते, कधी दुप्पट. या कामाला वेदरिंग म्हणतात. ऊन, वारा, पाऊस आणि धूर खऱ्या गाडीचं जे करतात ते ब्रशने, एअरब्रशने किंवा खडूच्या भुकटीने मॉडेलवर करायचं. मराठीत याला रुळलेला शब्द नाही. मी आपला 'मळवणं' म्हणतो.

चांगलं मळवलेलं मॉडेल जवळून फोटो काढून दाखवलं तर ते तळहातावर मावतं यावर कुणाचा विश्वास बसत नाही. वाईट मळवलेलं मॉडेल पाहिलं की लहान मुलाने चॉकलेटचे हात त्याला पुसलेत असं वाटतं. ऑनलाइन लिलावात दुसऱ्या प्रकारचं मॉडेल पुष्कळ दिसतं आणि त्याची किंमत पहिल्या प्रकाराची असते. मला पडलेला प्रश्न असा, की यात नेमकं वाईट काय आहे? विकणाऱ्याने फोटो टाकले आहेत. घेणाऱ्यावर कुणी बंदूक रोखलेली नाही. वस्तू घरपोच येते आणि फोटोत होती तशीच येते. तरी मला ते चुकीचं वाटतं, आणि नुसतं कुरूप असणं हे त्याचं कारण मला पुरेसं वाटत नाही.

आधी मळवण्याबद्दल थोडं सांगतो, कारण सगळा मुद्दा तपशिलात आहे.

मॉडेलांमधलं सर्वात प्रचलित माप म्हणजे एचओ, १:८७. या मापात रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर असतं. आता हिशोब करा. मॉडेलवर तीन मिलिमीटरचा गंजाचा ठिपका दिला, तर तो खऱ्या इंजिनावर २६ सेंटिमीटरचा झाला, म्हणजे जेवायच्या ताटाएवढा. अर्ध्या मिलिमीटर जाडीचा चिखल लावला तर खऱ्या इंजिनावर चार सेंटिमीटरहून जाड थर. असं इंजिन शेडमधून बाहेरच सोडणार नाहीत. म्हणजे मळवणाऱ्याचा हात आधी हलका लागतो.

दुसरं, मळ कुठेही बसत नाही. त्याला कारण लागतं. डिझेल इंजिनाची काजळी धुराड्याभोवती आणि छतावर दाट असते, दाराच्या कडीवर नसते. ब्रेकचे लोखंडी ठोकळे चाकावर घासून जी तपकिरी भुकटी उडते ती खाली बोगीवर साचते. पावसाचे ओघळ खाली जातात, आडवे जात नाहीत. ड्रायव्हर ज्या दांड्याला धरून चढतो तो दांडा हातांनी घासून आजूबाजूपेक्षा स्वच्छ असतो. समोरची काच सगळी धुळकट असली तरी वायपर फिरतो तेवढा पंख्यासारखा भाग नितळ असतो. आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे चाकाची जी कड रुळावर टेकते ती कधीही गंजलेली नसते. चालत्या गाडीचं चाक तिथे आरशासारखं चमकतं. रुळाचंही तेच: बाजू गंजून तपकिरी आणि माथा चकचकीत.

हे सगळं ज्याने पाहिलंय त्याला मळवताना फार विचार करावा लागत नाही. ज्याने पाहिलं नाही तो 'जुनं' दाखवायला निघतो आणि सगळीकडे सारखाच गंज फासतो.

या कलेच्या सुरुवातीच्या मोठ्या लोकांमध्ये जॉन अ‍ॅलन हे नाव घेतात. कॅलिफोर्नियात माँटेरीला राहत्या घराच्या तळघरात त्याने 'गोरी अँड डिफीटेड' नावाची एक संपूर्ण काल्पनिक रेल्वे उभी केली होती. त्याची इंजिनं, डबे, इमारती सगळं वापरून झिजलेलं दिसायचं. इतरांची मॉडेलं दुकानातल्या काचेत ठेवल्यासारखी दिसत असताना हे नवीन होतं. १९७३ च्या जानेवारीत तो गेला आणि काही दिवसांतच त्या घराला आग लागून बहुतेक सगळं जळालं. त्याच्याबद्दलची मला सर्वात आवडणारी गोष्ट म्हणजे त्याच्या यार्डात शंटिंगला एक डायनासोर होता. एमा नावाचा, पाठीवर पाती असलेला. ज्या माणसाला गंज कुठे धरतो हे इतकं नेमकं ठाऊक होतं, त्याने डबे ढकलायला डायनासोर ठेवला आणि त्यावर कुणी फसवलं म्हणून ओरडलं नाही. तेव्हा खोटेपणा हा मुद्दा नाही. मॉडेल खोटंच असतं, सगळ्यांना माहीत असतं.

*

माझा चुलतभाऊ जानेफळला असतो, मेहकर तालुक्यात. पॉलिटेक्निक करून आता मेहकरच्या एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. त्याला रेल्वेचं वेड आहे, आणि आमच्या गावात रेल्वेचं वेड असणं म्हणजे वाळवंटात होडीचं वेड असण्यासारखं आहे. खामगावला १८७० सालीच रेल्वे पोचली, कापसासाठी, आणि तिच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. पण जलंबहून खामगावपर्यंत आलेला तो छोटा फाटा खामगावलाच संपतो. जालना-खामगाव मार्गाची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे आणि तो झालाच तरी देऊळगाव राजा, चिखलीकडून जाणार. समृद्धी महामार्ग मेहकर तालुक्यातून गेला. रेल्वे नाही. आमच्याकडचा माणूस इंजिन पाहायला निघाला तर आधी एसटीत बसतो.

म्हणून हा मुलगा रेल्वे पाहतो ती फोनवर. कुठल्या इंजिनाला किती अश्वशक्ती, कुठलं कुठल्या शेडचं, सगळं तोंडपाठ. प्रत्यक्ष गाडीत बसला असेल चार-पाच वेळा.

गेल्या वर्षी एका रात्री त्याने मला एक लिंक पाठवली. खाली एवढंच: "दादा, घेऊ का मंग?"

लिलाव होता डब्ल्यूडीएम-२ च्या मॉडेलचा. जुन्या लोकांना हे इंजिन नावाने नाही तरी आवाजाने आणि काळ्या धुराने माहीत असतं. अमेरिकेच्या अल्को कंपनीच्या आराखड्यावरचं, १९६२ पासून भारतात आलेलं, पुढे वाराणसीत वर्षानुवर्षं बनलेलं. मॉडेल थ्रीडी प्रिंट केलेल्या बॉडीचं होतं, केबिनवर पुणे शेडचं नाव. वर्णनात लिहिलं होतं, 'हाताने केलेलं रिअलिस्टिक वेदरिंग, खऱ्या इंजिनावरून, एकच नग'. बोली नऊ हजारांपासून सुरू होऊन साडेतेरा हजारांवर गेली होती आणि दोन दिवस बाकी होते. त्याचा पगार मी इथे लिहीत नाही, पण साडेतेरा हजार ही त्याच्यासाठी लहान रक्कम नाही.

मी फोटो मोठे करून पाहिले. चाकं संपूर्ण गंजलेली, रुळावर टेकणाऱ्या कडेसकट. गंजाचे ओघळ बाजूच्या पत्र्यावर, काही चक्क आडवे. काचांवर सारखी तपकिरी फवारणी, वायपरचा मागमूस नाही. काजळी छतावर नाही आणि दारांवर आहे. आणि या सगळ्यात हेडलाइट पेटलेला, कारण आत एलईडी बसवला होता, त्याचे वेगळे पैसे.

दुसऱ्या दिवशी फोनवर बोलताना मागे काका होते, म्हणजे त्याचे वडील. ते फोटो पाहून म्हणाले, "बाजारात आपल्या मालातल्या मातीचे पैशे कापतात, अन् हे मातीचेच पैशे लावून राह्यले काय बाप्पा!"

*

काका गंमत करत होते, पण मला त्या वाक्याने अडवलं.

काकांचा लिलाव कसा होतो ते पाहा. सोयाबीन घेऊन माणूस बाजार समितीत जातो. ढीग ओतला की व्यापारी ढिगात कोपरापर्यंत हात घालतात, तळातला दाणा वर काढतात, दाताखाली धरतात. ओलावा मोजायचं यंत्र आलंय आता. हमीभावाच्या खरेदीत ओलाव्याची मर्यादा १२ टक्के असते आणि २०२४ च्या हंगामात ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली तेव्हा त्याची केवढी बातमी झाली होती. माती, काडीकचरा, डागी दाणा, सगळ्याची कपात. कडता, हमाली, तोलाई वगैरे जाऊन हातात पट्टी पडते ती वेगळीच. या लिलावात शेतकरी नाडला जातो, त्याच्या शेकडो कहाण्या आहेत आणि मला तो बाजार आदर्श म्हणून दाखवायचा नाही. पण एक गोष्ट तिथे पक्की असते. बोली लावणाऱ्याला सोयाबीन कळतं. तो जास्तच चांगलं ओळखतो, हीच विकणाऱ्याची अडचण असते. २०१६ मध्ये ई-नाम सुरू झालं आणि शेतमालाचा लिलाव ऑनलाइन नेला, तेव्हाही बोलीच्या आधी मालाची तपासणी करायची, असा आग्रह त्यात होताच. दुरून बोली लावणाऱ्याला ढिगात हात घालता येत नाही, तर कुणीतरी त्याच्या वतीने घातला पाहिजे.

मॉडेलच्या लिलावात ढिगात हात घालणारं कुणी नसतं. तिथे बोली कशी वाढते तेही पाहण्यासारखं आहे. बहुतेक ठिकाणी तुम्ही तुमची कमाल रक्कम आधीच सांगून ठेवता आणि यंत्रणा तुमच्या वतीने जेवढ्यास तेवढी बोली लावत राहते. समजा मी वीस हजारांपर्यंत तयार आहे आणि दुसरा कुणी सोळा हजारांपर्यंत. मला वस्तू सोळा हजारांच्या थोडी वर मिळते. म्हणजे किंमत जिंकणारा ठरवत नाही, दुसऱ्या क्रमांकावर हरणारा ठरवतो. विल्यम विक्री या अर्थतज्ज्ञाने १९६१ मध्ये अशा लिलावाचं गणित मांडलं आणि १९९६ मध्ये त्याला नोबेल मिळालं. त्याआधी कितीतरी वर्षं टपाल तिकिटं जमवणारे लोक हीच पद्धत पत्राने वापरत होते. पद्धत सुंदर आहे. पण तिचं सौंदर्य या गृहीतकावर उभं आहे की प्रत्येकाला ती वस्तू आपल्यासाठी किती मोलाची आहे हे कळतं. मळवलेल्या इंजिनाच्या बाबतीत 'बाजाराने ठरवलेली किंमत' म्हणजे दोन माणसांनी फोटो पाहून रात्री अकरा वाजता केलेला अंदाज. दोघांनाही चाक कुठे चमकतं हे माहीत नसेल, तर ते दोघं मिळून बाजार होत नाहीत.

शिवाय आपल्याकडे ही मॉडेलं आधीच महाग. खेळण्यांवरची मूळ आयात सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७०. बाहेरून मागवणं अवघड, म्हणून इथे जो कुणी विकतो त्याला मोजके आणि उतावीळ गिऱ्हाईक मिळतात. चढ्या किमतीचा सगळा दोष विकणाऱ्याच्या हावेवर टाकता येत नाही तो यामुळे.

मग त्याचं काय चुकलं?

सिसेरोने 'कर्तव्यांविषयी' या ग्रंथात एका धान्य व्यापाऱ्याचं उदाहरण चर्चेला घेतलंय. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे. अलेक्झांड्रियाहून एक व्यापारी धान्याचं जहाज घेऊन पोचतो. त्याला ठाऊक आहे की मागून आणखी जहाजं येताहेत. लोकांना ते माहीत नाही. त्याने सांगावं, की गप्प राहून चढ्या भावाने विकावं? डायोजिनिस नावाचा तत्त्वज्ञ म्हणतो, कायद्याने जे दोष सांगायचे ते सांगितले, लबाडी केली नाही, बस झालं. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, विकणाऱ्याला जे ठाऊक ते सगळं घेणाऱ्याला कळलं पाहिजे. सिसेरोचा कौल अँटिपेटरकडे झुकतो: आपल्या फायद्यासाठी दुसऱ्याला अंधारात ठेवणं म्हणजे लपवणंच. दोन हजार वर्षांपूर्वीचा प्रश्न आहे आणि तुरीचा साठा करून बसलेल्या कुणालाही आज विचारता येईल.

पण आमच्या इंजिनवाल्याला हा प्रश्न लागू पडत नाही. ऱ्होड्सच्या व्यापाऱ्याला माहिती आहे आणि तो ती दडवतो. या माणसाला चाकाबद्दल काही माहीतच नसेल तर तो दडवणार काय? त्याच्यापाशी गुपित नाही. फोटोत सगळं उघड आहे. डायोजिनिस आणि अँटिपेटर दोघांनीही त्याला सोडून दिलं असतं.

माझं म्हणणं असं की त्याचा दोष याच्याही आधीचा आहे. तो जे विकतो आहे ते प्लास्टिक नाही. प्लास्टिकचे पैसे तर साध्या, न मळवलेल्या मॉडेलच्या किमतीत आलेच. वरचे जे पैसे आहेत ते रंगाचेही नाहीत, रंग दोनशे रुपयांचा लागतो. ते पैसे पाहण्याचे आहेत. कुणीतरी स्टेशनवर जाऊन, यार्डाच्या कुंपणाशी उभं राहून, निदान पन्नास फोटो नीट निरखून मळ कुठे बसतो ते पाहिलं, आणि जे लोक तिथे जाऊ शकत नाहीत त्यांच्यापर्यंत ते आणलं, याचे ते पैसे. 'खऱ्या इंजिनावरून' या दोन शब्दांत त्याने हा दावा केलेला आहे. आणि तेवढंच काम त्याने केलेलं नाही. त्याने माहिती लपवली नाही हे खरं. मिळवलीच नाही, आणि मिळवल्याचे पैसे लावले.

*

माझ्या ऑफिसातल्या एका मित्राशी यावर दोन-तीन जेवणं वाद झाला. त्याचे दोन मुद्दे होते आणि दोन्ही सोपे नाहीत.

पहिला, की प्रत्येकजण वाईटापासूनच सुरुवात करतो. नवशिक्याने विकू नये का? विकावं. माझी त्याला काहीच हरकत नाही. 'माझं तिसरंच इंजिन आहे, शिकतोय' असं लिहून विकणाऱ्याकडून मी स्वतः घेईन. नवशिकेपणात दोष नसतो, 'रिअलिस्टिक' हा शब्द वापरण्यात असतो. हा मुद्दा त्याने लवकर सोडला.

दुसरा मुद्दा अवघड होता. तो म्हणाला, "तुला चाक कळतं म्हणून तुला त्रास होतोय. तुझ्या भावाला कळत नाही. त्याने घेतलं असतं, टेबलावर ठेवलं असतं, रोज बघून खूश झाला असता. ज्या नुकसानीची जाणीव कधीच होणार नाही ते नुकसान कसलं?"

यावर मी पटकन काही बोललो नाही. आमच्याच धंद्यात या प्रश्नाचं एक रूप रोज दिसतं. २०११ मध्ये हार्वर्डच्या रायन ब्यूएल आणि मायकल नॉर्टन यांनी 'श्रमाचा आभास' या नावाने एक अभ्यास मांडला. प्रवासाची तिकिटं शोधून देणारी वेबसाइट उत्तर पटकन देण्याऐवजी थोडं थांबवून 'आता अमुक कंपनीच्या उड्डाणांमध्ये शोधतोय' असं दाखवत राहिली, तर लोकांना ती जास्त मोलाची वाटू शकते. काम होताना दिसलं की माणूस मोल जास्त देतो. काम खरंच चालू असेल आणि ते दाखवलं तर त्यात वाईट काही नाही. पण काम झालेलं असताना नुसती पट्टी फिरवत ठेवली तर? वापरणारा खूश, त्याला कधी कळणार नाही. बहुतेकांना हे खटकत नाही. मला खटकतं, पण थोडंच, कारण तिकीट तेच मिळतं.

गंजलेल्या चाकाचं तसं नाही. माझ्या भावाच्या बाबतीत ते मॉडेल म्हणजे त्याने हातात घेऊन, फिरवून, खालून-वरून पाहिलेलं पहिलं इंजिन असणार होतं. त्याच्यासाठी ते खऱ्या इंजिनाची जागा घेणार होतं. मुंबईतल्या मुलाला खोटं चाक विकलं तर दुसऱ्या दिवशी लोकलच्या फलाटावर उभं राहून त्याची नजर आपोआप दुरुस्त होते. जानेफळच्या मुलाची कशी होणार? जो खऱ्या वस्तूपासून सर्वात लांब आहे त्याच्याकडूनच सर्वात जास्त पैसे निघतात, कारण त्यालाच तपासता येत नाही. त्याला आनंद झाला असता हे मान्य. त्या आनंदात त्याला कायमचं चुकीचं पाहायला शिकवलं गेलं असतं, आणि त्याचं शुल्क त्यानेच भरलं असतं. मित्र म्हणाला, हे फार झालं, खेळण्याबद्दल बोलतोयस. आमचं तिथेच राहिलं.

मी भावाला घे किंवा घेऊ नको असं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, की विकणाऱ्याला एक प्रश्न विचार: चाकाच्या टेकणाऱ्या कडेवर गंज कसा काय?

त्याने विचारलं. उत्तर तासाभरात आलं आणि अगदी नम्र होतं. गंज दिसला की जुनं वाटतं सर, कमी गंज असलेल्याला बोलीच येत नाही.

या उत्तराने माझी मांडणी थोडी विस्कटली. त्याला माहीत होतं की नव्हतं, हे त्यातून नक्की कळत नाही. पण बोलीच येत नाही हे तो खरं सांगत असावा. चांगला मळवणारा थांबतो. त्याचं इंजिन छोट्या फोटोत जवळजवळ स्वच्छच दिसतं. वाईट मळवणाऱ्याचं इंजिन छोट्या फोटोतही ओरडतं. जॉर्ज अकरलॉफने १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजाराबद्दल दाखवलं होतं की घेणाऱ्याला चांगलं-वाईट ओळखता येत नसेल तर चांगला माल हळूहळू बाजारातून निघून जातो, कारण त्याला त्याचा भाव मिळत नाही. इथे त्याच्याही पुढची पायरी आहे: वाईटालाच चांगलं समजून जास्त भाव मिळतो. मग चांगलं येणाऱ्याने काय करावं? त्यानेही चाकाला गंज लावावा?

असं दुसरीकडे झालेलं आहे. आपल्याकडे बनलेले पितळी कर्ण्याचे 'जुने' ग्रामोफोन मुंबईच्या चोर बाजारापासून परदेशातल्या लिलावांपर्यंत पोचले आहेत. नव्या लाकडाची पेटी, कुठल्यातरी छोट्या मशीनची मोटर, वर एचएमव्हीचं कुत्र्याचं चित्र. जगभरच्या संग्राहकांनी त्यांना एक शिवीवजा टोपणनाव दिलंय. त्याचा परिणाम असा, की आजोबांनी खरोखर विकत घेतलेला ग्रामोफोन कुणी विकायला काढला आणि तो भारतातून येतोय म्हटलं की समोरचा आधी संशयाने पाहतो. खोटं विकणारे पैसे घेऊन गेले, संशय खऱ्याच्या वाट्याला आला.

*

चाकावरचा गंज कधीच खरा नसतो असं मात्र नाही. मूर्तिजापूरला मी तो पाहिलाय. शकुंतला रेल्वेचा मार्ग तिथून एकीकडे यवतमाळला आणि दुसरीकडे अचलपूरला जातो. अडीच फुटी नॅरो गेज, वऱ्हाडातला कापूस वाहून नेण्यासाठी खासगी ब्रिटिश कंपनीने टाकलेली. १९९४ पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर चालत होती, नंतर डिझेलवर, आणि गेली काही वर्षं तिथे गाडी धावत नाही. तिथल्या रुळाचा माथा बाजूंइतकाच तपकिरी आहे. बोट फिरवलं की बोटाला लागतो. रुळ मेलाय हे कळायला दुसरं काही लागत नाही.

त्या लिलावातलं इंजिन खरं तर अशा रुळावर उभं करायला योग्य होतं. वर्षानुवर्षं न हललेलं, भंगारात जायच्या रांगेत असलेलं इंजिन म्हणून ते बऱ्यापैकी पटलं असतं. फक्त हेडलाइट पेटलेला होता.

भावाने चौदा हजारांची कमाल बोली लावून ठेवली होती. प्रश्न विचारल्यानंतरही काढून घेतली नाही. त्याला ते आवडलं होतं आणि तो हक्क त्याचा आहे. इंजिन सोळा हजारांच्या वर कुणाला तरी गेलं. पुढच्या महिन्यात त्याने एक साधी, न मळवलेली बंद वॅगन घेतली आणि रंगाच्या चार बाटल्या. मग त्याने मला विचारलं, "दादा, जानेफळले गाडी आली असती त मळ कोन्ता बसला असता तिच्यावर?"

हा प्रश्न मला आजवर वाचलेल्या पुष्कळ प्रश्नांपेक्षा चांगला वाटतो. जी गाडी कधी धावलीच नाही तिच्यावरचा खरा मळ कोणता? फोटो नाहीत, यार्ड नाही, कुंपण नाही, पाहायला जायला जागाच नाही. मी म्हटलं, काळी माती, म्हणजे काळाच रंग ना? त्याने मला थांबवलं. काळी माती ओली असते तेव्हा काळी. वाळून उडते तेव्हा राखाडी होते, थोडी तपकिरीकडे झुकणारी, आणि ऊन पडलं की फिक्कीच. हे त्याला यूट्यूबने सांगितलेलं नव्हतं. तो रोज जानेफळ-मेहकर एसटीने जातो. एसटीच्या मागच्या काचेवर पुढच्यापेक्षा कितीतरी जास्त धूळ असते, कारण धावत्या गाडीच्या मागे धूळ ओढली जाते. पायरीजवळचा पत्रा चपलांनी घासून चमकतो. खिडकीखाली ओघळ असतात, ते पावसाचे कमी आणि थुंकणाऱ्यांचे जास्त. वॅगनला खिडक्या नसतात, म्हणून ते त्याने सोडून दिले.

सध्या त्याच्याकडे एसटीच्या मागच्या बाजूचे ऐंशीएक फोटो आहेत, वेगवेगळ्या महिन्यांतले. मेहकर स्टँडवर कंडक्टर त्याला विचारतात, काय तक्रार करायची का. राखाडी अजून जमलेला नाही. पांढऱ्यात काळा मिसळला की निळसर दिसतो, त्यात थोडा पिवळा टाकला की हिरवट होतो. तो आता शेतातलीच माती वस्त्रगाळ करून चिकटवून बघणार आहे. त्यातही एक अडचण आहे. १:८७ च्या मापात मातीचा खरा कणसुद्धा खड्याएवढा दिसतो.